बंदुकीला ब्रेक नसतो

आमच्या स्वयंपाकघरातली कणीक मळायची परात दीड वर्षापूर्वी पार्किंगमध्ये राहायला गेली. सुरुवातीला ती फक्त रात्रीपुरती जायची आणि सकाळी घासूनपुसून परत यायची. मग एके दिवशी पोळ्यांना गॅरेजचा वास आला. मुलीने एक घास खाल्ला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, हे ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी आहे ना?" त्या दिवसापासून परात कायमची खाली गेली, घरात नवी परात आली आणि तिची किंमत माझ्या नावे टाकण्यात आली. बँकेत तेहेतीस वर्षं काढल्यामुळे नावे टाकणं म्हणजे काय, हे मला नीट कळतं.

परातीवर उभी असते ती अण्णांची बुलेट. साडेतीनशे सीसी, १९७२ सालची. अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त होईपर्यंत तिच्यावरूनच कचेरीत गेले. त्या काळात गाडीखाली डाग असा कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. रात्रीतून एखादा थेंब पडायचा. सकाळी अण्णा तो जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायचे, "हजेरी लागली" म्हणायचे आणि किक मारायचे. अण्णा गेल्यावर गाडी चार वर्षं ताडपत्रीखाली होती. मी निवृत्त झालो, तिसऱ्याच दिवशी ताडपत्री काढली आणि गाडी दुरुस्त करायला घेतली. त्या वेळी ती बिघडलेली नव्हती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

सोसायटीच्या फलकावर लवकरच सूचना लागली. 'काही सभासदांच्या वाहनांतून तेलगळती होत असून पार्किंगच्या नव्या फरशीची हानी होत आहे.' आमच्याकडे दुचाक्या पन्नासेक आहेत आणि गळणारी एकच. तेव्हा 'काही सभासद' हे अनेकवचन आदरार्थी असावं, असं समजून मी ती सूचना आनंदाने वाचली. सेक्रेटरी भेटल्यावर म्हणाले, "अहो, तो डाग आता नकाशासारखा दिसायला लागलाय." मी खाली जाऊन पाहिलं. खरंच दिसत होता. कोकणपट्टी हुबेहूब उतरली होती, विदर्भ अजून व्हायचा होता.

वाहन म्हटलं की त्यात दोन गोष्टी थांबायला हव्यात. तेल आत थांबायला हवं आणि वाहन बाहेर. आमच्याकडे तेल थांबत नव्हतं. ते का थांबत नाही हे बघायला गाडी बाहेर काढावी, तर गाडी थांबत नव्हती.

आता या गाडीचं घराणंच तसं आहे. रॉयल एनफिल्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. बंदुकांचे भाग बनवण्याशी तिचा जुना संबंध, म्हणून तोफेचं चिन्ह आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' असं ब्रीदवाक्य. ब्रीदवाक्य भारदस्त आहे, पण ते वाचताना एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. बंदुकीला ब्रेक नसतो. त्यात गाडीचं नाव ठेवलं बुलेट. एकदा सुटली की सुटली, असं नावातच सांगून टाकलेलं. १९५२ साली आपल्या लष्करासाठी अशा आठशे गाड्यांची मागणी गेली, १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात या गाड्या इथेच तयार व्हायला लागल्या. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली आणि इथली चालू राहिली. इतकी चालू राहिली, की १९७७पासून मद्रासच्या बुलेट जहाजात बसून इंग्लंडला विकायला जायला लागल्या. माहेर बुडालं आणि माहेरवाशिणीने घर सावरलं, अशातलाच हा प्रकार.

सरकारनेही २०२१ साली अशा गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरचं वाहन, मूळ स्थितीत राखलेलं, मोठे फेरफार न केलेलं असेल तर त्याला विंटेज म्हणून नोंदवता येतं. 'व्हीए' अक्षरांची खास नंबरपाटी मिळते. फी वीस हजार. मूळ स्थितीचं म्हणाल, तर आमच्या गाडीतलं सगळं मूळ आहे, तेल सोडून. तेल दर आठवड्याला नवं असतं. या नियमात आणखी एक गंमत आहे. विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी नेता येते. मी तो नियम दोनदा वाचला. मी एरवी तरी दुसरं काय करत होतो?

तर दुरुस्ती.

ताडपत्री काढली त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते तेल तपासण्याचं. या गाडीत तेलाची वेगळी टाकी लटकवलेली नसते. इंजिनाच्या खालच्या पोटातच एक कप्पा असतो, त्यात दोन-सव्वादोन लिटर तेल मावतं आणि झाकणालाच मोजपट्टी असते. पट्टी काढली तर कोरडी ठणठणीत. चार वर्षांत तेल संपलं, असा मी निष्कर्ष काढला आणि लिटरभर ओतलं. वास्तविक तेल कुठेही गेलं नव्हतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली, की कप्प्यातलं तेल पंपाच्या फटीतून हळूहळू झिरपतं आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे शेजारच्याच खोलीत, जाऊन बसतं. किक मारून इंजिन दोन मिनिटं चालवलं, की पंप ते उचलून पुन्हा जागेवर आणून टाकतो. म्हणून आधी गाडी चालू करायची आणि मग पट्टी बघायची, असा क्रम आहे. मी चाललेल्या सभेतून चहाला उठलेली माणसं सभा सोडून गेली असं समजून नवी माणसं भरती केली होती. जुनी परत आल्यावर जी दाटी झाली, ती झाली.

दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या एका बाजूला असलेल्या नळीतून तेलाचे थेंब पडताना दिसले. करंगळीएवढी नळी, तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर. एवढं मोठं इंजिन करणाऱ्यांनी ही नळी उघडी कशी ठेवली, याचं मला नवल वाटलं. अण्णांच्या लक्षात आलं नसेल, असं म्हणून मी एम-सीलच्या दोन वड्या एकत्र मळल्या (त्याच परातीत, हे अजून घरी माहीत नाही) आणि नळीचं तोंड बंद केलं. ते काम मात्र अप्रतिम झालं. त्या दिवसापासून आजतागायत त्या नळीतून एक थेंब आला नाही.

बाकी सगळीकडून आला.

आधी टॅपेटच्या झाकणातून आला. मग टाइमिंगच्या कव्हरला ओल धरली. मग डावीकडच्या चेनकेसच्या खालच्या काठावर थेंबांची रांग लागली, पावसाळ्यात पत्र्याच्या पागोळ्या लागतात तशी. चेनकेस म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी ज्या डब्यात तेलात बुडून फिरते तो डबा. त्याचं भलंमोठं ॲल्युमिनियमचं झाकण मध्यभागी एकाच नटवर बसवलेलं असतं आणि काठाला रबराची रिंग असते. एवढ्या मोठ्या झाकणाला एकच नट! मला ते भरवशाचं वाटेना. घट्ट केला. गळती थोडी वाढली. आणखी घट्ट केला. आणखी वाढली. मग पान्याच्या दांड्यावर पाण्याचा पाइप चढवून, पाय फुटपाथला लावून, घट्ट केला. त्या संध्याकाळी मी खाली परात नेली.

पान्यांवरून आठवलं. या गाडीचे नट इंग्रजी मापाचे. आपले तेराचे-चौदाचे पाने त्यांना बसल्यासारखे वाटतात, जोर लावला की सटकतात आणि नटाचे सहा कोपरे गोल करून ठेवतात. जुने कारागीर हे नट सुतात मोजतात. एका इंचाचे आठ भाग केले, की एक भाग म्हणजे एक सूत. "तीन सुती द्या" म्हटलं, की दुकानदार आपल्याकडे जरा आदराने बघतो. हे मला जुन्या बाजारात कळलं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथे जमिनीवर पसरलेल्या लोखंडातून हवा तो पाना शोधणं हा निवृत्त माणसासाठी उत्तम व्यायाम आहे. मी सहा पाने आणले. त्यांतले दोन बुलेटला बसतात. एक कशालाच बसत नाही, पण वजनदार आहे म्हणून ठेवला.

या काळात मी पॅकिंगं किती बदलली याला गणती नाही. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मला बघितलं, की पोऱ्या न विचारताच पॅकिंगचा सेट काढून ठेवायचा. कागदाचं पॅकिंग, कॉर्कचं पॅकिंग, शेलॅक, सिलिकॉन, सगळं झालं. एकदा दोन पॅकिंगं एकावर एक लावून बघितली, थंडीत माणूस दोन स्वेटर घालतो तशी. दोन्ही भिजली.

मग ब्रेक.

जुन्या बुलेटवर बसणाऱ्याला पहिल्यांदा एक गोष्ट शिकावी लागते. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर उचलून पडतो, बाकीचे तिन्ही खाली दाबून. अण्णांच्या पिढीला यात काही विशेष वाटत नसे. पण माझा भाचा सुट्टीत आला तो डिस्क ब्रेकवर वाढलेला. "मामा, एकच चक्कर," म्हणाला. चौकात कुत्रं आडवं आलं. त्याने सगळ्या आयुष्याच्या सवयीने उजवा पाय दाबला. गाडी दुसऱ्यात होती, तिसऱ्यात गेली. घाबरून त्याने आणखी जोरात दाबला. चौथा पडला. संकटात सापडल्यावर चढत्या क्रमाने बढती मिळण्याचं असं उदाहरण मी बँकेतसुद्धा दोनदाच पाहिलं आहे. कुत्रं हुशार होतं. भाचा रस्त्याच्या कडेच्या मुरुमाच्या ढिगावर जाऊन थांबला, आणि परत आल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "आजोबा यावरून रोज घरी यायचे?"

त्यानंतर ब्रेककडे लक्ष देणं आलं. पुढचा ब्रेक सहा इंची ड्रमचा. त्याचा दांडा दाबला की तो मुठीला टेकायचा आणि गाडीच्या मनावर काही परिणाम व्हायचा नाही. मागच्याची तक्रार तशी नव्हती, पण आपण एवीतेवी हात काळे केलेच आहेत, तर मागचं चाक काढून बेअरिंगमध्ये ग्रीस भरून टाकू, असा विचार केला. मध्ये येत होती म्हणून ब्रेकच्या पॅडलजवळची एक वायर सोडवून ठेवली. ग्रीस किती भरायचं हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. गरिबी नको म्हणून भरपूर भरलं. पुरणपोळीत पुरण जसं काठापर्यंत यायला हवं, तसं.

पुढच्याच रविवारी आम्ही उभयता जेजुरीला गेलो.

जाताना सगळं छान झालं. घाट चढताना बुलेटचा जो आवाज येतो, तो ऐकून बायकोने पाठीमागून "बरी चालते की!" असं म्हटलं. दीड वर्षांत गाडीबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द. जेजुरीला गर्दी होती. दर्शन झालं, भंडारा उधळला गेला, आम्ही पिवळे झालो, खाली लावलेली गाडीही पिवळी झाली. बायको म्हणाली, राहू दे, शुभ असतं.

परतीला सासवड मागे पडलं आणि दिवे घाटाचा उतार लागला. पहिल्या वळणावर मागचा ब्रेक लागला. दुसऱ्यावर जरा उशिरा लागला. तिसऱ्यावर पॅडल तर खाली गेलं, पण गाडीला ते कळवलंच गेलं नाही. उतारावर ब्रेक तापला, ड्रम तापला, आणि मी काठोकाठ भरलेलं ग्रीस पातळ होऊन लायनरवर उतरलं होतं. पुढचा दांडा नेहमीप्रमाणे मुठीला टेकला. मी गाडी दुसऱ्यात टाकली आणि खंडोबाचं नाव घेतलं.

नेमकं याच वेळी खाली मस्तानी तलाव दिसायला लागला.

"अहो, थांबा ना जरा," मागून आवाज आला, "तलाव बघू."

मी काही बोललो नाही.

"थांबा म्हणते ना!"

थांबण्याची माझी मनापासून इच्छा होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिच्या कुठल्याही इच्छेशी माझी इच्छा इतकी तंतोतंत कधीच जुळली नव्हती. पण तसं सांगितलं असतं तर ती घाबरली असती. म्हणून मी म्हटलं, "खालून जास्त छान दिसतो."

"तलाव खालून?"

इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये बुलडोझरसारखं ओरडत होतं आणि त्याच्याच जोरावर आम्ही बेताने उतरत होतो. वारीत माउलींचा रथ बैलजोड्या लावून हाच घाट चढवतात. त्या बैलांना थांबायला सांगितलं तर ते थांबतात, हे मला त्या क्षणी फार मोलाचं वाटलं. वडकीच्या सपाटीला लागल्यावर कडेला एक मातीचा चढ दिसला, तिकडे गाडी वळवली आणि ती आपली आपण, मोठ्या मनाने, एका रसवंतीसमोर उभी राहिली.

"इथे थांबलात," बायको म्हणाली. "चौतीस वर्षांत एकदा थांबा म्हटलं, तर थांबलात ते उसाच्या रसापाशी."

मी दोन ग्लास रस सांगितला आणि गाडीजवळ उकिडवा बसलो. आणि तिथे मला साक्षात्कार म्हणावा असं काहीतरी दिसलं. अख्खं इंजिन भंडाऱ्याने पिवळं होतं. त्या पिवळ्यावर तेलाच्या वाटा अशा स्वच्छ उमटल्या होत्या, जशा शाळेच्या नकाशावर नद्या. डोक्यावरची झाकणं कोरडी, पिवळीधमक. सिलिंडर कोरडा. टॅपेटच्या झाकणापासून एक ओघळ सुरू होत होता, टाइमिंग कव्हरच्या काठावरून दुसरा, आणि चेनकेसला तर खालून सगळीकडून पाझर. गळती नेमकी कुठून होते हे बघायला इंजिन रॉकेलने धुऊन त्यावर टाल्कम पावडर मारतात, हे मी ऐकून होतो. ते काम जेजुरीला फुकट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून नाना पेठेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेली. अण्णा त्यांच्याकडेच जायचे. मी इतके दिवस का गेलो नव्हतो, याचं कारण म्हणजे मला स्वतः शिकायचं होतं. मेस्त्री लाकडी खोक्यावर बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाच मिनिटं नुसते बघत राहिले. हात कशालाच लावला नाही.

"जेजुरीला गेला होता?"

"हो."

"बरं झालं. पावडरचे पैसे वाचले." मग इंजिनाच्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, "साहेब, ही नळी कुणी बुजवली?"

"मी. त्यातून तेल येत होतं."

मेस्त्रींनी हातातला चहा खाली ठेवला आणि आतल्या पोराला हाक मारली. "इकडे ये रे, बघ. साहेबांनी नाक बंद केलंय, आणि म्हणतात गाडीला घाम येतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या इंजिनात एकच पिस्टन. सत्तर मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात तो नव्वद मिलिमीटर वर-खाली करतो. खाली येताना खालची हवा दाबतो. प्रत्येक वेळी पाव लिटरहून जास्त. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर एका सेकंदात पन्नास वेळा. ही हवा जायला एक वाट लागते, ती म्हणजे ही नळी, ब्रीदर. चोचीसारखं रबर हवा बाहेर सोडतं आणि बाहेरची आत येऊ देत नाही. ही वाट बंद केली, तर हवा दुसरी वाट शोधते, आणि जाताना वाटेत भेटलेलं तेल सोबत नेते. पॅकिंग कागदाचं असो, कॉर्कचं असो, दोन-दोन असोत, सेकंदाला पन्नास धक्के बसल्यावर कुठलंही पॅकिंग कधीतरी माघार घेतंच.

"पण नळीतून तेल का येत होतं?" मी विचारलं. शेवटचा मुद्दा माझ्या बाजूने निघेल, अशी अजून आशा होती.

"तेल जास्त झालं असेल. पट्टी बघून वरून ओतलं होतं का?"

मी चहा प्यायला लागलो.

पुढचे दोन दिवस मी त्या दुकानात बसून होतो. निवृत्त माणसाला दुकानात बसू देणारी माणसं अजून पुण्यात आहेत, त्यांचं भलं होवो. एम-सील छिन्नीने काढावं लागलं आणि काढताना पोऱ्याने दोनदा कौतुकाने मान हलवली. नवं चोचीचं रबर आलं. त्याची किंमत मी आधी आणलेल्या पॅकिंगांच्या एका सेटहूनही कमी निघाली. चेनकेसचं झाकण सोडवून मेस्त्रींनी ते काचेच्या जाड तुकड्यावर उलटं ठेवलं आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. पलीकडचा कोपरा उचलला गेला. मध्यावर नट इतका आवळल्यामुळे काठ वाकले होते, झाकणाची बशी झाली होती. काचेवर पॉलिश पेपर पसरून, वर थोडं तेल टाकून, मेस्त्रींनी ते झाकण आठच्या आकड्यात फिरवून घासायला सुरुवात केली. दर दहा फेऱ्यांनी उलटं करून बघायचे. घासलेली जागा चमकायची, न घासलेली काळी राहायची. चमक हळूहळू काठभर फिरली आणि शेवटचा काळा ठिपका जाईपर्यंत पाऊण तास गेला. मग नवी रिंग, झाकण, नट. नट त्यांनी दोन बोटांनी बसवला आणि पान्याने वर जरासा फिरवला, एवढंच. मी वाट बघत होतो की आता घट्ट करतील. त्यांनी पाना खाली ठेवला.

मागचा ड्रम उघडला तेव्हा आतून तूप ओतल्यासारखं ग्रीस आलं. "लायनर गेले," मेस्त्री म्हणाले. "धुऊन बघूया?" मी विचारलं. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुतला तरी पुन्हा तापल्यावर पोटातलं तेल ओकतो, तो टाकूनच द्यायचा असतो. आतली धूळही फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. मेस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा मला गेल्या वर्षभरात मारलेल्या सगळ्या फुंकरी आठवल्या. दोन्ही चाकांच्या शूंना नवे लायनर रिव्हेट मारून बसवले, ड्रम जरा अंडाकृती झाला होता तो लेथवर साफ करून आणला.

पुढच्या ब्रेकचं दुखणं मात्र स्वभावाचं आहे. ड्रमच्या आत दोन शू असतात आणि एकच कॅम दोघांना ढकलतो. चाक फिरतं त्या दिशेमुळे एक शू ड्रममध्ये आपोआप ओढला जातो आणि जास्त काम करतो. दुसऱ्याला तेच फिरणं मागे लोटतं, तो नुसता टेकून असतो. हे वर्णन ऐकताना मला आमच्या शाखेतले दोन जण डोळ्यांसमोर दिसले, समोरासमोरच्या टेबलांवर बसलेले. पगार सारखाच. पुढे नव्वदच्या दशकात सात इंची ड्रम आणि दोन्ही शू कामाला लावणारी रचना आली. अण्णांच्या गाडीत ती नाही, मूळ स्थिती बिघडवायची नाही, तेव्हा आहे त्या दोघांकडूनच काम करून घेणं आलं. मेस्त्रींनी ड्रमला आतून खडू फासला, चाक फिरवून ब्रेक दाबला, पुन्हा उघडलं. लायनरवर जिथे खडू लागला तेवढीच जागा ड्रमला टेकत होती. ती कानशीने अलगद उतरवली. पुन्हा खडू, पुन्हा कानस. चौथ्या वेळी लायनर बऱ्यापैकी सगळा पांढरा निघाला.

"आता बसा," मला म्हणाले, "आणि ब्रेक दाबून धरा. सोडू नका."

ब्रेक दाबलेला असताना चाकाचा नट आवळला, की शू ड्रमच्या बरोबर मध्यभागी बसतात. मी दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला. दीड वर्षाच्या दुरुस्तीत माझ्या हातून बिनचूक झालेलं हे एकमेव काम, आणि ते म्हणजे काहीही न करता धरून ठेवणं. मेस्त्रींनी नट आवळल्यावर बहुधा सोडायला सांगितलं असावं. मी आणखी दहा मिनिटं धरून होतो.

तिसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन निघालो. लायनर नवे आहेत, बसायला वेळ लागेल, जोरात दाबू नका, असं मेस्त्रींनी दोनदा बजावलं. लक्ष्मी रोडला नेहमीची गर्दी. बुलेट धुगधुग करत चालली होती आणि मी मधूनमधून खाली वाकून चेनकेस बघत होतो. कोरडी. सोन्या मारुती चौकाजवळ दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक आजी एकदम आडव्या आल्या. मी दोन्ही ब्रेक दाबले.

गाडी थांबली. म्हणजे खरोखरच, दाबल्याबरोबर, दाबल्या जागी थांबली. मला इतकं आश्चर्य वाटलं, की मागून धाडकन आवाज येईपर्यंत मी आजींकडे बघून हसत होतो.

रिक्षा होती. माझं मागचं मडगार्ड चेपलं, तिची काच तडकली. रिक्षावाला खाली उतरला तो तोंड उघडूनच. "काका, थांबायचं तर मागचा दिवा तरी लावा! बुलेट अशी थांबते हे कुणाला माहिती?"

दिवा लागला नव्हता. ग्रीस भरताना मध्ये येत होती म्हणून पॅडलजवळची जी वायर मी सोडवून ठेवली होती, ती मागच्या लाल दिव्याची होती. मी माफी मागितली. दोघांनी मिळून दोन्ही वाहनं बाजूला घेतली. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. डांबरावर काळे थेंब पडत होते, एकामागून एक. छातीत धस्स झालं. वाकून पाहिलं. बुलेटच्या खाली स्वच्छ होतं. थेंब रिक्षाचे होते.

"अहो, हे कधीपासून गळतंय?" मी विचारलं.

त्याचा राग एकदम उतरला. "तीन महिने झाले. पॅकिंग दोनदा बदललं, काका. काही फरक नाही."

मी रिक्षाच्या मागे उकिडवा बसलो. तोही माझ्या शेजारी येऊन बसला. मी इंजिनाच्या बाजूला वाकून नीट बघायला लागलो, मेस्त्री बघतात तसा, हात न लावता.

"ब्रीदर बघितला का कधी?"

"ते काय असतं?"

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. रिक्षावाला थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "तुमच्याकडे पाना आहे का, काका?"

पाने होते. सगळे सुताचे. मी उठलो आणि बुलेटचा टूलबॉक्स उघडला.